‘वारिसान’ आणि ‘जानशीनान’ : झाशीच्या कागदपत्रांतील इंग्रजी परिभाषेचा प्रश्न

झाशीच्या इतिहासावर मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत विपुल लेखन झाले आहे. या लेखनाचा भर स्वाभाविकपणेच १८५७-५८ मधील संग्रामावर राहिला. त्या संग्रामाच्या आधीची चार वर्षे मात्र मुख्यतः कागदावर लढली गेली. त्या काळात राणी लक्ष्मीबाईंनी कंपनी सरकारकडे खलित्यांमागून खलिते पाठवले, सरकारी अधिकाऱ्यांनी टिपणे लिहिली आणि अखेरीस गव्हर्नर जनरलच्या निर्णयपत्राने संस्थानाचे भवितव्य ठरवले. हा सर्व व्यवहार कायद्याच्या परिभाषेत झाला आणि त्याचा निर्णायक भाग इंग्रजीत झाला. त्यात फार्सी, संस्कृत व मराठी या भाषांतील संज्ञा इंग्रजीत नेल्या गेल्या. काही वेळा त्यांचा अर्थ टिकला, तर काही वेळा तो वाटेत गळाला.

इंग्रजीत लिहिताना कायद्याची व वैद्यकाची परिभाषा अचूक कशी वापरावी, हा प्रश्न सहसा भाषाशिक्षणाचा मानला जातो. शब्दकोश पाहावा, योग्य प्रतिशब्द निवडावा आणि पुढे जावे, अशी आपली समजूत असते. झाशीची कागदपत्रे वाचली की ही समजूत अपुरी ठरते. तांत्रिक संज्ञा म्हणजे केवळ वस्तूचे नाव नव्हे. ती ज्या विधिव्यवस्थेत वा शास्त्रात जन्मली तेथील हक्क, मर्यादा आणि वर्गीकरण ती आपल्यासोबत आणते. म्हणून दोन भाषांतील दोन शब्द समानार्थी दिसले तरी त्यांच्यामागील हक्क समान असतीलच असे नाही. प्रस्तुत लेखात हे विधान झाशीच्या प्रकरणातील काही संज्ञांच्या आधारे स्पष्ट करावयाचे आहे.

कलमातील दोन शब्द

झाशीचे नेवाळकर घराणे मुळात पेशव्यांचे सुभेदार. १८०४ मध्ये शिवराव भाऊंनी कंपनीशी करार केला. जून १८१७ च्या पुणे तहाने पेशव्यांनी बुंदेलखंडावरील आपले हक्क कंपनीला दिले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने शिवराव भाऊंचे नातू रामचंद्रराव यांच्याशी स्वतंत्र तह केला. या तहाच्या दुसऱ्या कलमात रामचंद्रराव, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांना झाशीच्या मुलखाचे वंशपरंपरागत राज्यकर्ते म्हणून कंपनीने मान्यता दिली. इंग्रजी मसुद्यात या ठिकाणी ‘एअर्स’ आणि ‘सक्सेसर्स’ असे दोन शब्द आहेत. फार्सी मसुद्यात त्यांच्या जागी ‘वारिसान’ आणि ‘जानशीनान’ हे शब्द येतात.

रामचंद्ररावांनंतर १८३५ मध्ये रघुनाथराव आणि त्यांच्यानंतर गंगाधरराव गादीवर आले. गंगाधररावांचा मुलगा तान्हेपणीच वारला होता. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांचा मृत्यू झाला. आदल्या दिवशी त्यांनी भावकीतील वासुदेवराव नेवाळकर यांचा पाच वर्षांचा मुलगा आनंदराव यास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले. या प्रसंगी कंपनीचे झाशीतील प्रतिनिधी मेजर एलिस आणि तेथील फौजेचे अधिकारी कॅप्टन मार्टिन यांना बोलावून घेण्यात आले होते आणि राजाचे पत्र एलिस यांच्या हाती देण्यात आले.

त्यानंतर राणींनी ३ डिसेंबर १८५३ आणि १६ फेब्रुवारी १८५४ रोजी गव्हर्नर जनरल डलहौसी यांना खलिते पाठवले. दुसऱ्या खलित्यातील युक्तिवाद परिभाषेच्या अभ्यासकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. तहातील दोन शब्द दोन भिन्न अर्थांचे आहेत, असे राणींचे म्हणणे आहे. ‘वारिसान’ म्हणजे रक्ताचे, औरस किंवा भावकीतील वारस. ‘जानशीनान’ म्हणजे असा वारस नसल्यास गादीवर बसण्यासाठी ज्याला दत्तक घेतले जाते तो. तह मंजूर करताना त्यातील शब्द न् शब्द पारखला जातो. आकाशवाणीइतके ज्याचे प्रामाण्य, अशा दस्तऐवजात दुसरा शब्द उगाच पडला असेल हे संभवत नाही, असेही खलिता सांगतो.

हा युक्तिवाद व्युत्पत्तीनेही टिकतो. ‘वारिस’ हा अरबी शब्द वारसा मिळण्याच्या क्रियेपासून आला आहे. त्यात नात्याचा आधार गृहीत आहे. ‘जानशीन’ हा फार्सी समास असून ‘जा’ म्हणजे जागा आणि ‘नशीन’ म्हणजे बसणारा. ‘जागेवर बसणारा’ कोण, त्याचे रक्त कोणते, याविषयी तो शब्द काहीच सांगत नाही. मराठीत ‘वारस’ रुळला. ‘जानशीन’ रुळला नाही. त्याचे काम आपण ‘गादीवर बसणे’ या शब्दप्रयोगाने भागवतो. झाशीचा सारा वाद ‘वारस’ आणि ‘गादीवर बसणारा’ या दोन कल्पनांमधील अंतराचा होता.

जोडशब्दांची रीत आणि अर्थाचा नियम

इंग्रजी कायद्याच्या भाषेत जोडशब्दांची जुनी परंपरा आहे. मृत्युपत्रासाठी ‘विल अँड टेस्टामेंट’, रद्दबातल ठरवण्यासाठी ‘नल अँड व्हॉइड’ अशा जोड्या सर्वपरिचित आहेत. इंग्लंडच्या कायद्यात इंग्रजी, नॉर्मन फ्रेंच आणि लॅटिन अशा तीन भाषा शेजारी शेजारी नांदल्याचा हा परिणाम. अशा जोडीत दुसरा शब्द पुष्कळदा पहिल्याचाच प्रतिध्वनी असतो. म्हणून ‘एअर्स अँड सक्सेसर्स’ हीही एक ठराविक जोडी आहे, तिच्यातून वेगळा हक्क निघत नाही, असे इंग्रज वाचकाला सहज वाटू शकते.

परंतु खुद्द इंग्रजी कायद्याच्या काटेकोर परिभाषेत हे दोन शब्द एक नव्हेत. एखाद्या व्यक्तीला जमीन कायमची द्यावयाची असेल तर दस्तऐवजात ‘ती व्यक्ती आणि तिचे एअर्स’ असे लिहावे लागे. बिशपसारख्या पदधारकाला द्यावयाची असेल तर ‘तो आणि त्याचे सक्सेसर्स’ असे लिहिले जाई. पहिल्या ठिकाणी हक्क रक्ताच्या मार्गाने जातो, दुसऱ्या ठिकाणी पदाच्या मार्गाने. राजाचे पदही इंग्रजी विधिशास्त्राने याच दुसऱ्या वर्गात घातले आहे. म्हणजे राज्यपद देणाऱ्या तहात ‘सक्सेसर्स’ हा शब्द येतो तेव्हा त्याला स्वतंत्र अर्थ आहे असे म्हणण्यास इंग्रजी कायद्यातच जागा होती. राणींच्या खलित्याने फार्सीच्या आधारे केलेला भेद इंग्रजी परिभाषेलाही परका नव्हता.

दस्तऐवजातील प्रत्येक शब्दाला काही परिणाम असला पाहिजे, तो व्यर्थ मानू नये, हा अर्थनिर्णयाचा नियम इंग्रजी न्यायालये पाळत आली आहेत. आपल्याकडे हाच नियम पूर्वमीमांसेत अधिक जुन्या रूपात आढळतो. वेदवाक्यातील कोणताही शब्द निरर्थक मानता येत नाही, हे मीमांसेचे गृहीतक आहे आणि धर्मशास्त्रकारांनी वचनांचा अर्थ लावताना त्याचाच आश्रय घेतला. तहाच्या शब्दांना आकाशवाणीइतके प्रामाण्य देणारा खलिता हाच विचार सुचवतो असे मला वाटते. ज्या ग्रंथाचे प्रामाण्य मोठे त्यात शब्दाची व्यर्थता संभवत नाही, ही त्यामागील तर्कपद्धती आहे. दोन भिन्न परंपरांतील अर्थनिर्णयाचे नियम येथे एकत्र येतात, आणि तौलनिक अभ्यासाला याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण आहे.

त्याच कलमातील क्रियापदेही लक्ष देण्याजोगी आहेत. कंपनी रामचंद्ररावांना राज्यकर्ते म्हणून ‘मान्य करते’ आणि ‘स्थापित करते’ अशी दोन क्रियापदे इंग्रजी मसुद्यात आहेत. मान्य करावयाची ती गोष्ट आधीपासून अस्तित्वात असते. स्थापित करावयाची ती नव्याने निर्माण होते. झाशीचे राजपद कंपनीने निर्माण केले, सबब ते आश्रित आहे, यावर पुढे सरकारी युक्तिवादाचा भर राहिला. नामांच्या जोडीत दुसऱ्या शब्दाला स्वतंत्र अर्थ नाकारायचा आणि क्रियापदांच्या जोडीत मात्र दुसऱ्या शब्दावरच सारा भार टाकायचा, अशी ही विसंगती आहे. जोडशब्द कसा वाचायचा याचा नियम एकाच कलमात दोनदा बदलला, तर परिभाषेच्या अचूकतेचा दावा टिकत नाही.

दत्तक : कायद्यावाचून असलेला शब्द

‘दत्तक’ या संज्ञेचे इंग्रजी रूप ‘अडॉप्शन’. हा शब्द इंग्रजीत होता, रोमन कायद्याच्या अभ्यासकांना परिचितही होता. परंतु १८५३ मध्ये इंग्लंडच्या कायद्यात अशी संस्थाच नव्हती. तेथे मूल दत्तक घेण्याचा कायदा प्रथम १९२६ मध्ये झाला. वारस ईश्वर घडवतो, माणूस नव्हे, हे इंग्रजी कायद्याचे जुने सूत्र होते. त्यामुळे ‘अडॉप्टेड एअर’ हे शब्द इंग्रजीत लिहिले की त्यांत एक अंतर्गत विरोध इंग्रज वाचकाला जाणवणारच.

धर्मशास्त्रात स्थिती उलट आहे. तेथे ‘पुत्र’ ही जाती आहे आणि औरस, दत्तक इत्यादी तिचे प्रकार आहेत. दत्तक हा पुत्रासारखा कोणी नव्हे. विधिपूर्वक दान व स्वीकार झाल्यावर तो पुत्रच होतो, जन्मदात्याच्या घराशी त्याचा वारशाचा संबंध सुटतो आणि दत्तक पित्याचे गोत्र त्याला लागते. इंग्रजीतील विशेषण पुत्रत्वात उणेपणा सुचवते. संस्कृतातील संज्ञा पुत्राचा प्रकार सांगते. म्हणून ‘अडॉप्टेड सन’ लिहिणे चूक नाही, परंतु जेथे हक्काचा प्रश्न आहे तेथे लेखकाने ‘दत्तक’ ही संज्ञा रोमन लिपीत तशीच ठेवून एका वाक्यात तिचे कायदेशीर परिणाम सांगावेत, हे अधिक सुरक्षित.

या विषयावरचे आधारग्रंथ तोवर इंग्रजीत उपलब्ध होते, हे विसरून चालणार नाही. कोलब्रुक यांनी मिताक्षरेच्या दायभागाचे भाषांतर १८१० मध्ये, सदरलंड यांनी ‘दत्तकमीमांसा’ व ‘दत्तकचंद्रिका’ यांचे १८२१ मध्ये आणि बोराडेल यांनी ‘व्यवहारमयूखा’चे १८२७ मध्ये प्रसिद्ध केले होते. दत्तकाचा अर्थ कलकत्त्यात अज्ञात होता असे म्हणता येत नाही. शब्दार्थाचे ज्ञान असूनही तो अर्थ कोणत्या कक्षेत लागू करावयाचा, हा वेगळा निर्णय होता.

नात्याच्या शब्दांतही असाच घोटाळा आढळतो. गंगाधररावांच्या पत्राच्या इंग्रजी भाषांतरात आनंदरावाचे वर्णन, आजोबांच्या बाजूने आपला ‘ग्रँडसन’ लागणारा, असे आले आहे. इंग्रज वाचकाला हे वाक्य कळणार नाही. मुलाचा मुलगा असेल तर त्याला दत्तक घेण्याचे कारण काय, असाच प्रश्न त्याला पडेल. मराठी वाचकाला मात्र अडचण येत नाही. भावकीतील पुतण्याच्या मुलाला नातू म्हणण्याची आपली रीत आहे, आणि आजोबांचा उल्लेख एक घराणे, एक गोत्र सांगण्यासाठी आहे. दत्तक शक्यतो सगोत्रातून घ्यावा हा संकेत येथे पाळला गेला, हे त्या वाक्याचे तात्पर्य. शब्दशः भाषांतराने हे तात्पर्य तर गमावलेच, शिवाय एक कोडे निर्माण केले. अशा ठिकाणी ‘एकाच पूर्वजाच्या वंशातील, दोन पिढ्यांनी धाकटा’ असे साध्या इंग्रजीत सांगणे हेच योग्य.

वैधता आणि मान्यता

२७ फेब्रुवारी १८५४ च्या टिपणात डलहौसी यांनी निर्णय दिला. त्यासाठी त्यांनी चार्ल्स मेटकाफ यांच्या १८३७ मधील मताचा आधार घेतला. मेटकाफ यांनी दोन वर्ग केले होते. स्वतंत्र हिंदू राजांना दत्तकाचा अधिकार आहे आणि विधिपूर्वक घेतलेला दत्तक ब्रिटिश सरकारने मान्य केला पाहिजे. याउलट, ज्यांच्याकडे सार्वभौम सत्तेने दिलेली जमीन वा महसूल आहे अशांच्या बाबतीत देणारी सत्ता देणगीच्या अटींप्रमाणे वारसा मर्यादित करू शकते. आणि अशा देणग्या सामान्यतः औरस पुरुष वारसांपुरत्याच असतात. झाशी दुसऱ्या वर्गात मोडते, असा डलहौसी यांचा निष्कर्ष. १८३५ मध्ये रामचंद्ररावांनी घेतलेला दत्तक मान्य झाला नव्हता, हा दाखलाही त्यांनी दिला.

येथे पुन्हा शब्दाकडे परतले पाहिजे. मेटकाफ यांचा नियम देणगीच्या अटींवर उभा होता, आणि औरस पुरुष वारस ही मर्यादा दर्शवण्यासाठी इंग्रजी कायद्यात स्वतंत्र, निश्चित शब्दावली आहे. १८१७ च्या तहात ती शब्दावली नाही. तेथे ‘वारस आणि उत्तराधिकारी’ आहेत. शेजारच्या ओरछा संस्थानाशी झालेल्या तहात आणि झाशीच्या तहात दत्तकाचा हक्क एकाला द्यावा व दुसऱ्याला नाकारावा असा फरक दिसत नाही, असे खुद्द मेजर एलिस यांनी वरिष्ठांना कळवले होते. त्यांचा मुद्दा मान्य झाला नाही.

मात्र निर्णयाचे वर्णन करताना आजचे इंग्रजी लेखन एक चूक वारंवार करते. दामोदररावांचा दत्तक ‘बेकायदा ठरवला’ असे लिहिले जाते. वस्तुस्थिती तशी नव्हती. राजाची खाजगी मालमत्ता राणींना द्यावी अशी सूचना आली असता डलहौसी यांनीच ती अमान्य केली. खाजगी हक्कांपुरता दत्तक ग्राह्य आहे, सबब ती मालमत्ता कायद्याने दत्तक पुत्राची, असे त्यांनी म्हटले. राज्यापुरता मात्र तोच दत्तक ग्राह्य धरला नाही. म्हणजे दत्तकाची वैधता नाकारली गेली नव्हती. राज्याच्या वारशासाठी त्याला मान्यता नाकारली गेली होती. ‘अवैध’ आणि ‘अमान्य’ या दोन संज्ञा येथे एकमेकींच्या जागी वापरल्या तर इतिहासच बदलतो. मराठीत रूढ झालेला ‘दत्तक नामंजूर’ हा शब्दप्रयोग याबाबतीत अधिक अचूक आहे. मंजुरी देणारा आणि न देणारा कोणीतरी आहे, हे त्यात स्पष्ट आहे.

एकच मुलगा खाजगी घरात पुत्र आणि दरबारात परका, ही स्थिती धर्मशास्त्राला समजण्यासारखी नव्हती. तेथे पुत्रत्व अविभाज्य आहे. ते विभागले गेले ‘खाजगी मालमत्ता’ आणि ‘राज्य’ या वर्गीकरणाने. आणि हे वर्गीकरण कंपनीच्या राजनीतीचे होते.

हयातभर, अज्ञानपणी आणि खालसा

आणखी तीन संज्ञांचा विचार करू. गंगाधररावांच्या पत्रात राज्याचा कारभार आपल्या पत्नीकडे तिच्या हयातीत असावा अशी विनंती आहे. इंग्रजी इतिहासग्रंथांत राणींचा उल्लेख सर्रास ‘रीजंट’ असा होतो. ‘रीजंट’ म्हणजे राजा वयात येईपर्यंत त्याच्या नावाने कारभार पाहणारी व्यक्ती. तिचा अधिकार राजा वयात येताच संपतो. ‘हयातीत’ ही मुदत वेगळी आहे. ती मुलाच्या वयावर अवलंबून नाही. म्हणून त्या पत्राविषयी लिहिताना ‘रीजंट’ हा शब्द वापरणे म्हणजे राजाने मागितलेला अधिकार आपल्या लेखणीने कमी करणे होय.

‘अज्ञान’ हा शब्दही असाच. मराठी कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’ म्हणजे वयात न आलेला आणि ‘सज्ञान’ म्हणजे वयात आलेला. ज्ञानाशी त्याचा संबंध नाही. जुन्या मराठी दस्तांचे इंग्रजी करताना येथे ‘मायनर’ हाच शब्द हवा. शब्दशः भाषांतर हास्यास्पद ठरेल. शिवाय वयाची मर्यादा कालानुसार बदलली आहे. अठरा वर्षांचा सर्वसाधारण नियम १८७५ च्या कायद्याने आला. त्याआधीच्या व्यवहाराला तो लावता येत नाही.

तिसरी संज्ञा ‘लॅप्स’. इंग्रजी कायद्यात मृत्युपत्राने ज्याला काही द्यावयाचे तो आधीच वारला, तर ती देणगी ‘लॅप्स’ होते. या क्रियापदाला कर्ता लागत नाही. हक्क आपोआप गळून पडतो. वारस नाही, सबब राज्य सरकारकडे आले, असा नैसर्गिक क्रम त्यातून सूचित होतो. मराठीत आपण ‘झाशी खालसा केली’ असे म्हणतो. ‘खालसा’ हा शब्द महसुली व्यवस्थेतला; मधल्या कोणाचा हक्क नसलेली, थेट सरकारच्या ताब्यातील जमीन ती खालसा. त्यातील ‘केली’ हे सकर्मक क्रियापद कर्त्याला लपवत नाही. इंग्रजीत लिहिताना ‘झाशी लॅप्स झाली’ असे लिहिणे म्हणजे सरकारची बाजू वर्णन म्हणून स्वीकारणे. सरकारी सिद्धान्ताचा उल्लेख करताना ‘लॅप्स’ ही संज्ञा अवश्य वापरावी. घटनेचे वर्णन करताना मात्र ‘अनेक्स’ हे सकर्मक क्रियापद आणि त्याचा कर्ता, दोन्ही लिहावेत.

आजाराचे नाव आणि मनाची अवस्था

दत्तकपत्र मृत्यूच्या आदल्या दिवशीचे असल्यामुळे या प्रकरणाला वैद्यकाचीही बाजू आहे. गंगाधररावांच्या आजाराला इंग्रजी लेखनात सामान्यतः ‘डिसेंट्री’ म्हटले जाते. मराठी व हिंदी कथनांत ‘संग्रहणी’ हा शब्द येतो. हे दोन शब्द एकमेकांचे प्रतिशब्द मानले जातात, पण आयुर्वेदाच्या ग्रंथांत अतिसार, प्रवाहिका आणि ग्रहणी हे वेगळे विकार आहेत. कुंथून आव पडणारी प्रवाहिका ‘डिसेंट्री’च्या अधिक जवळची. ग्रहणी हा पचनाचा दीर्घकाळ रेंगाळणारा विकार. संग्रहणी त्याच वर्गातील. एक शब्द थोड्या दिवसांच्या तीव्र आजाराचे चित्र उभे करतो, दुसरा दीर्घ क्षीणतेचे. मृत्युशय्येवरील व्यक्तीच्या अवस्थेविषयी वाचकाची कल्पना या निवडीवर अवलंबून राहते.

उलट दिशेची चूकही टाळली पाहिजे. आजच्या वैद्यकात ‘डिसेंट्री’चे अमिबाजन्य व जिवाणुजन्य असे प्रकार होतात. परंतु लॉश यांनी अमिबाचे वर्णन १८७५ मध्ये केले आणि शिगा यांनी जिवाणू १८९७-९८ मध्ये शोधला. १८५३ मधील ‘डिसेंट्री’ हे लक्षणांचे नाव होते, कारणाचे नव्हे. त्या नावाला आजचे विशेषण जोडणे म्हणजे ज्याची तपासणी झालीच नाही असे निदान लिहिणे होय. अशा ठिकाणी जुना शब्द ठेवावा आणि तो तत्कालीन अर्थाने वापरला आहे असे सांगावे.

कायद्याच्या दृष्टीने मात्र आजाराचे नाव दुय्यम आहे. महत्त्वाची ती मनाची अवस्था. आपल्या जुन्या दस्तांत ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ हे शब्द येतात. पहिल्याने संमती सांगितली जाते, दुसऱ्याने समज. इंग्रजीत याला ‘साउंड माइंड’ म्हणतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने त्याची व्याख्या केली आहे. व्यवहार समजण्याची आणि आपल्या हितावर होणारा त्याचा परिणाम विवेकाने जोखण्याची क्षमता, असे तिचे सार. ही क्षमता शरीर खंगले तरी शाबूत असू शकते. म्हणून ‘गंभीर आजारी’ या वैद्यकीय वर्णनातून ‘असमर्थ’ हा कायदेशीर निष्कर्ष काढता येत नाही.

राणींच्या बाजूने सल्ला देण्यासाठी १८५४ मध्ये झाशीला आलेले वकील व कादंबरीकार जॉन लँग यांनी १८५९ च्या आपल्या प्रवासवर्णनात राजाने मृत्यूपूर्वी काही आठवडे, शरीराने दुर्बळ पण मनाने सावध असताना, दत्तक घेतल्याचे लिहिले आहे. हे शब्द मृत्युपत्रांच्या मसुद्यातले आहेत. त्यांतील कायदेशीर विधान बिनचूक आहे. कालनिर्देश मात्र सरकारी कागदपत्रांशी जुळत नाही. परिभाषा नेमकी असली म्हणजे तपशीलही नेमका असतो असे नाही, हे यातून ध्यानात घ्यावे.

परिणाम

राणींचे खलिते, एलिस यांचे मत आणि लँग यांचा सल्ला यांपैकी कशाचाही उपयोग झाला नाही. झाशी कंपनीच्या मुलखात सामील केली गेली. त्यानंतरचा इतिहास सर्वज्ञात आहे. दामोदररावांचे पुढील आयुष्य इंदूरला गेले आणि १९०६ मध्ये तेथेच त्यांचा मृत्यू झाला. राज्य त्यांना मिळाले नाही.

परंतु शब्दांच्या इतिहासात या वादाचा एक उत्तरार्ध आहे. १८५८ नंतर लॉर्ड कॅनिंग यांच्या कारकिर्दीत संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा देण्यात आल्या. हिंदू संस्थानिकांच्या सनदांत औरस वारसाच्या अभावी स्वतः संस्थानिकाने वा त्याच्या पश्चात गादीवर येणाऱ्याने हिंदू कायद्याप्रमाणे व घराण्याच्या रीतीप्रमाणे घेतलेला दत्तक मान्य केला जाईल, असे स्पष्ट लिहिले गेले. ‘जानशीनान’ या एका शब्दात जो अर्थ आहे असे राणींचा खलिता सांगत होता, तो आता संदिग्धतेला जागा न ठेवता पूर्ण वाक्यात इंग्रजीत आला. तो अर्थ इंग्रजीत मांडता येत नव्हता असे नव्हे. १८५४ मध्ये तो मांडण्याची इच्छा नव्हती.

या विवेचनावरून इंग्रजीत लिहिणाऱ्या अभ्यासकासाठी काही गोष्टी निश्चित होतात. संज्ञेचा प्रतिशब्द शोधण्यापूर्वी तिने कोणता हक्क दिला किंवा काढला, ते पाहावे. दोन व्यवस्थांत तो हक्क समान नसेल तर मूळ संज्ञा ठेवून स्पष्टीकरण द्यावे. एका पक्षाची संज्ञा घटनेचे तटस्थ वर्णन म्हणून वापरू नये. वैद्यकीय संज्ञा तिच्या काळातील अर्थानेच योजावी आणि तिच्यातून कायदेशीर निष्कर्ष काढू नये. खलिता लिहिणाऱ्यांनी ‘वारिसान’ व ‘जानशीनान’ यांतील भेद नेमका दाखवला होता, आणि तरीही त्यांचा पक्ष हरला. अचूक परिभाषा न्याय मिळवून देईलच असे नाही. मात्र तो युक्तिवाद नेमक्या शब्दांत लिहून ठेवला गेला, म्हणूनच झाशीला न्याय नाकारला गेला हे आज कागदावरून सिद्ध करता येते.